जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : सुट्या भागांचा शोध आणि कोल्हापूरची कारागिरी

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्याचा सोहळा होतो. त्या सोहळ्यासाठी छत्रपती घराण्यातील मंडळी नवीन राजवाड्यातून ज्या मोटारीने चौकात येतात, ती मेबॅक ही जर्मन मोटार राजाराम महाराजांच्या काळातील आहे. मेबॅकचा कारखाना जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेन या गावी होता. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनविणाऱ्या या कारखान्याने 1921 पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोटारी बनविल्या, आणि त्यांची एकूण संख्या सुमारे अठराशेच्या आसपासच राहिली. कारखाना इंजिन आणि सांगाडा देई. त्यावरील बॉडी ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे दुसरे कारागीर हाताने घडवीत. अशा मोटारीचा एखादा भाग निकामी झाला, तर तो कोणत्याही दुकानाच्या फळीवर सापडणार नाही. जो बनवून घेता येईल, तोच मिळेल.

राजघराण्याच्या मोटारीची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. परंतु दक्षिण महाराष्ट्रातील आणि सीमाभागातील जुन्या व्यापारी घराण्यांच्या वाड्यांत, पेढीच्या मागच्या गाळ्यात किंवा गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी मोटार आढळणे फारसे नवलाचे नाही. आजोबांनी हौसेने घेतलेली, वडिलांनी काही वर्षे चालविलेली, पुढे एखादा भाग न मिळाल्यामुळे बंद पडलेली आणि मग वाटणीच्या यादीतही धड न आलेली. तिचे पुढे काय होते? बहुधा दोनपैकी एक. ती वजनावर भंगारात जाते, किंवा उत्साहाच्या भरात तिची अशी काही ‘दुरुस्ती’ होते की तिच्यात मूळचे काहीच शिल्लक राहत नाही. तिसरा मार्ग जीर्णोद्धाराचा. तो खर्चाचा आणि सबुरीचा आहे, पण कोल्हापूरसारख्या गावात तो खरोखर उपलब्ध आहे. मात्र तो कायम उपलब्ध राहील, असे गृहीत धरता येणार नाही.

दोन आसनांची एमजी

उघड्या टपाच्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींमध्ये इंग्लंडच्या एमजीचे नाव अग्रभागी आहे. आज आपल्या रस्त्यांवर याच नावाच्या मोठ्या बंद मोटारी धावतात, पण त्यांचा जुन्या एमजीशी संबंध नावापुरताच उरला आहे. जुनी एमजी अ‍ॅबिंग्डन येथे तयार होई. महायुद्ध संपताच 1945 मध्ये टीसी हे मॉडेल आले आणि 1949 पर्यंत अशा सुमारे दहा हजार मोटारी निघाल्या. त्यानंतर 1953 पर्यंत टीडी आणि 1955 पर्यंत टीएफ ही मॉडेले निघाली. दोन आसने, मागे दुमडणारे कापडी टप, लांब बॉनेट, दोन्ही बाजूंना वळणदार मडगार्ड आणि 1250 सीसीचे छोटे इंजिन, असे तिचे रूप होते.

तिच्या जीर्णोद्धारात पहिली गाठ पडते ती आट्यांशी. या इंजिनाचे बोल्ट इंग्लिश व्हिटवर्थ पान्याने खोलतात. त्यामुळे त्यांचे आटेही इंग्लिश मापाचे असावेत असे मिस्त्रीला वाटते. प्रत्यक्षात आटे मेट्रिक असतात. याचे कारण इतिहासात आहे. कॉव्हेन्ट्रीचा जो कारखाना पुढे ही इंजिने बनवू लागला, तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि 1923 मध्ये तो मॉरिसने विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच मापाची होती, ती तशीच ठेवली. ग्राहकांच्या हातातले पाने इंग्लिश होते, म्हणून बोल्टचे डोके इंग्लिश मापाचे केले. त्यातही आणखी एक मेख आहे. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या 8 मि.मी.च्या साध्या बोल्टला दोन आट्यांमधील अंतर सव्वा मि.मी. असते, या इंजिनात ते 1 मि.मी. असते. दुकानातला बोल्ट दोन फेरे सहज जातो, मग अडतो. तेथे जोर केला की सत्तर वर्षे टिकलेल्या ब्लॉकचे आटे क्षणात खराब होतात. ज्याने आधी आटे मोजण्याची पट्टी लावली, त्याचा खर्च वाचला.

भाग मिळविण्याच्या चार वाटा

सुटे भाग मिळविण्याच्या वाटा साधारणपणे चार आहेत, आणि त्या याच क्रमाने चालाव्यात.

पहिली वाट परदेशातील पुरवठादारांची. इंग्लंड व अमेरिकेत जुन्या एमजीचे मालक संघटित आहेत आणि त्यांच्या मागणीवर जगणारे छोटे उत्पादक आजही गॅस्केट, बेअरिंग, पिस्टन, ब्रेकचे रबर, विजेच्या तारांचे संच तयार करतात. एसयू कार्ब्युरेटरचे भागसुद्धा नवे मिळतात. भाग मागविताना भाडे, विमा आणि आयात शुल्क धरून किंमत काढावी. तीन खेपांत मागविलेल्या वस्तू एका खेपेत मागविल्या असत्या तर किती वाचले असते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

दुसरी वाट मुंबईची. ऑपेरा हाउसचा परिसर मोटारींच्या सुट्या भागांची बाजारपेठ म्हणून अनेक दशके प्रसिद्ध आहे. चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर जुने दिवे, मीटर, हॉर्न मिळतात. तेथे वस्तूवर कोरलेला क्रमांक वाचता येणे हीच खरी पत. दिसायला सारखे दोन दिवे वेगवेगळ्या मॉडेलांचे असू शकतात.

तिसरी वाट नात्यागोत्याची म्हणता येईल. हिंदुस्थानात तयार झालेल्या अनेक मोटारी परदेशी कुळातल्या होत्या. 1955 नंतरच्या एमजी ए या स्पोर्ट्‌स मोटारीला आरंभी जे 1489 सीसीचे इंजिन होते, त्याच कुळातले इंजिन पुढे आपल्या अँबॅसिडरला बसले. मद्रासला 1961 पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड आणि इंग्लंडची उघडी ट्रायम्फ स्पिटफायर याही नात्यातल्या. स्पिटफायरचा सांगाडा हेराल्डच्याच रचनेवरून बेतलेला आहे. त्यामुळे गावोगावच्या जुन्या गॅरेजांत पडून असलेला माल अशा मोटारींना उपयोगी पडतो. नाते आहे म्हणून मापही तेच असेल असे मात्र धरू नये; प्रत्येक भाग कॅलिपर लावून ताडून घ्यावा.

या संदर्भात आपल्या समाजाला एका नावाची आठवण ठेवलीच पाहिजे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. प्रारंभी क्रायस्लर कंपनीचे सुटे भाग आणून येथे जोडणी होई. पुढे एकेक भाग देशात घडू लागला. परदेशातून आलेला भाग समोर ठेवून तसाच भाग येथे बनविण्याची विद्या या देशात ज्या कारखान्यांमुळे रुजली, त्यांत वालचंदांचा कारखाना अग्रेसर होता.

चौथी वाट हीच : भाग येथे बनवून घेणे.

उद्यमनगरातील विद्या

जे विकत मिळत नाही ते करून पाहण्याची कोल्हापूरची परंपरा जुनी आहे. 1918 मध्ये बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या साहाय्याने चलच्चित्राचा कॅमेरा येथेच जुळवून तयार केला, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पुढे शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या विहिरींसाठी ऑइल इंजिने तयार होऊ लागली. त्या धंद्यातून फौंड्री वाढल्या आणि शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींत पसरल्या. आज देशातील मोठ्या वाहन उद्योगांना कोल्हापूरचे ओतकाम जाते.

जुन्या मोटारीचा मालक फौंड्रीत मोडका भाग घेऊन जातो आणि ‘याच्यासारखा दुसरा करून द्या’ म्हणतो. काम इतके सोपे नसते. जुना भाग वाळूत दाबून त्याचा साचा घेतला आणि त्यात बीड ओतले, तर नवा भाग लहान होतो. कारण तापलेला धातू थंड होताना आकसतो. बिडाच्या बाबतीत हे आकसणे मीटरला सुमारे 10 मि.मी. असते, अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याहून थोडे अधिक. म्हणून पॅटर्न करणारा कारागीर लाकडाचा नमुना मुद्दाम मोठा करतो. त्यासाठी त्याच्याकडे वेगळी पट्टी असते, जिच्यावर आकसण्याचा हिशेब आधीच धरलेला असतो. ज्या बाजूंवर पुढे लेथ चालायचा, तेथे आणखी दोन-तीन मि.मी. जादा ठेवावे लागतात. साच्यातून नमुना सहज निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. भाग आतून पोकळ असेल, जसे इंजिनातील पाणी खेळविणारी वाट, तर वाळूचा वेगळा गाभा करून साच्यात बसवावा लागतो. त्यात शिवाय जुना भाग सत्तर वर्षांत झिजलेला असतो; त्याचे आजचे माप आणि कारखान्यातून निघाले तेव्हाचे माप यांतील फरक ओळखणे, ही त्या कारागिराची खरी परीक्षा.

आणि हा कारागीरच आज दुर्मिळ होऊ लागला आहे. मोठ्या फौंड्रीत एकाच भागाच्या हजारो प्रती निघतात. नमुना संगणकावर आखला जातो आणि धातूत यंत्रावर कोरला जातो. एका नगासाठी सागवानातून हाताने पॅटर्न कोरणारा माणूस त्या व्यवस्थेत बसत नाही. त्याच्या मुलाने दुसरा व्यवसाय धरलेला असतो. जुन्या मोटारींचे एक-एक नगाचे काम अशा कारागिराला पोट भरण्याइतके मिळत नाही, पण त्याची विद्या एखाद्या उमेदवाराच्या हाती सोपविण्याइतके निमित्त ते नक्कीच देते. ज्या घराण्यांकडे आज जुन्या मोटारी आहेत, त्यांनी दहा वर्षांनी हे काम करू म्हटले, तर पैसा असेल, मोटार असेल, पण पॅटर्न करणारा हात असेलच असे नाही.

जे येथे बनवू नये

मात्र कौशल्य आहे म्हणून सर्वच बनवावे, असे नाही. पाण्याच्या पंपाचे घर, मॅनिफोल्ड, बिजागऱ्या, कंस, पट्ट्या हे भाग येथे उत्तम होतात. स्टिअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांचे स्टब अ‍ॅक्सल आणि ब्रेकचे सिलिंडर यांच्यावर जीव अवलंबून असतो. ते खात्रीच्या उत्पादकाकडूनच घ्यावेत, आणि जुनेच ठेवायचे असतील तर त्यांची तडा-चाचणी करून घ्यावी. पोलादातील केसासारखी बारीक तड डोळ्याला दिसत नाही. चुंबकीय भुकटी किंवा रंगद्रव्य वापरून ती दिसते. ही सोय वाहन उद्योगासाठी काम करणाऱ्या कारखान्यांकडे असते.

पेट्रोलही बदलले आहे. आपल्याकडे 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या इंजिनांत त्या शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण होई. म्हणून हेड उघडलेच असेल तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतील ओलावा ओढून घेते. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या व वॉशर बसवावेत, आणि मोटार महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि काही गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते. ती पुसताना, घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असल्याने हे काम ओले करून आणि तोंडाला योग्य मुखपट्टी लावूनच करावे.

लाकडाकडेही दुर्लक्ष होते. टी मालिकेतील एमजीची बॉडी बाहेरून पत्र्याची दिसली, तरी तिच्या आत अ‍ॅश नावाच्या लवचिक लाकडाचा सांगाडा असतो. कोल्हापूरचा पावसाळा आणि वाळवी यांपुढे तो टिकत नाही. दरवाजे लागेनासे झाले की लोक बिजागरी ठोकतात. दोष आतल्या लाकडाचा असतो. चांगला सुतार तो सांगाडा सागवानात करून देतो. सागवान वाळवीला सहसा दाद न देणारे. जुना तुकडा कितीही कुजलेला असला तरी नवा होईपर्यंत फेकू नये, कारण माप त्याच्यातच असते.

चामडे, रेक्झिन आणि अहिंसा

आपल्या घरांत एक प्रश्न निश्चितच उपस्थित होतो. या मोटारींच्या आसनांना मूळचे चामडे असे, आणि त्या काळी गाद्यांत घोड्याचे केस भरण्याची पद्धत सर्रास होती. मूळ रूप जपायचे म्हणजे पुन्हा चामडेच लावायचे काय? प्रदर्शनांतील परीक्षक मूळ साहित्याला गुण देतात हे खरे. परंतु ज्या घरात पादत्राणांपासून पाकिटापर्यंत चामडे वर्ज्य आहे, त्या घराने गुणांसाठी व्रत मोडावे असे कोणी म्हणणार नाही.

येथे इतिहासच मदतीला येतो. आपण ज्याला सर्रास रेक्झिन म्हणतो, ते मुळात इंग्लंडमधील एका उत्पादनाचे व्यापारी नाव होते. कापडावर लेप देऊन केलेले हे चामड्यासारखे दिसणारे आवरण त्या काळच्या ब्रिटिश मोटारींमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. अनेक मोटारींत आसनाचा दर्शनी भाग तेवढा चामड्याचा आणि उरलेले आवरण लेपकापडाचे असे. तेव्हा संपूर्ण आसनाला उत्तम लेपकापड लावणे हे त्या काळाशी विसंगत ठरत नाही. गादीत काथ्या किंवा फोम भरता येतो. केलेला बदल नोंदवहीत स्पष्ट लिहावा, म्हणजे पुढच्या मालकाची फसवणूक होत नाही. अहिंसा आणि सचोटी दोन्ही राखली जातात. याच न्यायाने, इंजिनातून काढलेले जळके तेल गटारात ओतू नये. कोल्हापूरची गटारे शेवटी पंचगंगेलाच मिळतात. तेल डब्यात साठवून पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यावे.

खतावणी आणि कायदा

जीर्णोद्धार अर्धवट राहण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पैशाचा चुकलेला क्रम. आरंभीच रंग आणि क्रोमवर खर्च होतो, कारण ते डोळ्यांना दिसते. इंजिन, ब्रेक आणि तारांसाठी पैसे उरत नाहीत, आणि चकचकीत मोटार पुन्हा ताडपत्रीखाली जाते. क्रम उलटा हवा : आधी सांगाडा व ब्रेक, मग इंजिन व गिअर, नंतर विजेचे काम, त्यानंतर लाकूड व पत्रा, आणि सर्वांत शेवटी रंग, टप व क्रोम.

मोटार खोलण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक भागाला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि वहीत चार रकाने आखावेत : भाग, आजची अवस्था, कोठून मिळेल, खर्च. ज्या घराण्यांत रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांना हे शिकवावे लागत नाही. परंतु पेढीवर दमडीचा हिशेब ठेवणारी मंडळी हौसेच्या कामात वही उघडत नाहीत, हेही तितकेच खरे. आणखी एक गोष्ट आधीच मान्य करावी : झालेला खर्च विक्रीतून वसूल होईलच असे नाही. याला गुंतवणूक समजून हात घालू नये, आणि कर्ज काढून तर मुळीच घालू नये.

कायद्याची बाजूही पाहावी. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, तर नूतनीकरणाचे 5,000 रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते. आधी नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणाऱ्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी मोटार नित्याच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. या नियमांतील सर्वांत महत्त्वाची अट अशी की, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आयातीवरील निर्बंधांच्या काळात भाग मिळेनासे झाल्याने कित्येक मोटारींत मूळचे इंजिन काढून अँबॅसिडरचे किंवा डिझेलचे इंजिन बसविले गेले. त्या वेळी ती गरज होती. आज काढून टाकलेले मूळ इंजिन गोदामात कोठे पडले असेल, तर भंगार देण्यापूर्वी त्यावरील क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी ताडून पाहावा.

परिग्रह की सांभाळ?

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणे योग्य नाही. अपरिग्रहाचे व्रत सांगणाऱ्या समाजाने गरज नसलेल्या मोटारीवर एवढा खर्च का करावा? दुसरी, तिसरी, चौथी मोटार जमवीत जाणे हा परिग्रहच होय. त्याला जुनेपणाचे नाव दिल्याने त्याचे स्वरूप बदलत नाही. परंतु घरात आलेली एक वस्तू मोडीत न काढता तिची दुरुस्ती करणे, त्या निमित्ताने पॅटर्नवाला, लेथवाला, सुतार, पत्र्याचा कारागीर अशा दहा हातांना काम देणे, आणि आपण तिचे काही काळाचे विश्वस्त आहोत असे मानणे, ही वेगळी वृत्ती आहे. आपल्या परंपरेत नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक मानतात. मोटार म्हणजे मंदिर नव्हे. पण जीर्णोद्धाराची जी शिस्त आपण जाणतो, ती येथेही लागू पडते : मूळचे जेवढे टिकेल तेवढे टिकवावे, नवे घालावे लागले तर जुन्याशी इमान राखून घालावे, आणि काय नवे घातले याची नोंद ठेवावी. जुन्या मोटारींच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिव्हाने, स्वीकारलेल्या तुरीनच्या सनदेतही जपणुकीची हीच तत्त्वे आहेत.

ज्यांच्या घरी अशी मोटार उभी आहे, त्यांनी लगेच पाना हाती घेण्याची गरज नाही. येत्या दिवाळीत वहीपूजन होईल तेव्हा एक कोरी वही तिच्यासाठी वेगळी ठेवावी. तीत सांगाड्याचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, नोंदणीची तारीख, मोटार कोणी, कोठून आणि केव्हा घेतली, शेवटी कोणत्या मिस्त्रीने तिला हात लावला, हे घरातील ज्येष्ठांना विचारून लिहून काढावे. ताडपत्री दूर करून चाके जमिनीवरून उचलून ठोकळ्यांवर टेकवावीत, टाकीतील जुने पेट्रोल काढावे, आणि त्या मोटारीजवळचा एकही गंजका तुकडा भंगारवाल्याला देऊ नये. मग उद्यमनगरात एखादा वयस्क पॅटर्न कारागीर अजून काम करीत असेल, तर त्याची गाठ घ्यावी. हे शेवटचे काम मात्र दिवाळीपर्यंतही लांबवू नये.